कोयनेलचें बीं आणणारा रिचर्ड स्प्रूस

पाऊस ओसरून आश्विनाचें ऊन पडूं लागलें, म्हणजे एके काळीं महाराष्ट्रांतील घरोघरीं एक नकोसा पाहुणा न चुकतां येत असे. दुपार कलली कीं घरांतील एखाद्या मुलाच्या अंगावर कांटा येई, दांतावर दांत वाजूं लागत. वर दोन-तीन गोधड्या घालून आई दाबून बसली तरी हुडहुडी थांबत नसे. मग ताप चढे, घाम येऊन उतरे, आणि एक दिवस आड करून पुन्हां त्याच घटकेस हजर होई. म्हणूनच त्याला एकांतरा म्हणत. आजीबाईंच्या बटव्यांतील काडेचिराइताचा काढा, गुळवेलीचें सत्त्व, हे उपाय होतच. पण ताप हटेना म्हणजे डॉक्टरांकडून कोयनेल आणावें लागे. ती कडूजहर पांढरी पूड गुळाच्या खड्यांत दडवून मुलाच्या गळीं उतरवितांना ज्या खटपटी होत, त्यांच्या गोष्टी जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत.

हें कोयनेल ज्या सालींतून निघतें तें सिंकोनाचें झाड मूळचें आपल्या देशांतलें नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या ओल्या, धुक्यानें भरलेल्या उतरणींवर तें वाढतें. सतराव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांच्या द्वारें त्याची साल युरोपांत पोंचली. १८२० सालीं पेलेतिए आणि काव्हांतू या दोघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्यांतून क्विनीन वेगळें काढलें. त्याचेंच आमच्याकडे कोयनेल झालें. रोनाल्ड रॉस यांना डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु सांपडला तो सिकंदराबादेस, १८९७ सालीं. म्हणजे हा रोग कसा पसरतो हें कळण्याच्या कितीतरी आधीं त्याचें औषध मनुष्याच्या हातीं आलें होतें.

परंतु औषध हातीं येणें निराळें आणि तें गरिबाच्या झोंपडीपर्यंत पोंचणें निराळें. त्यासाठीं तें झाड आपल्या देशांत रुजावें लागलें. त्याचें बीं आणि त्याचीं रोपें अँडीजच्या रानांतून नीलगिरीच्या डोंगरांत पाठविण्याच्या कामीं ज्या पुरुषानें आपला देह झिजविला, त्याचें नांव मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल. रिचर्ड स्प्रूस हा तो पुरुष होय. आणि यांतील नवल असें कीं, ज्याच्या हातून इतकें उपयोगाचें काम झालें, त्याचें खरें प्रेम होतें तें जगानें निरुपयोगी म्हणून दुर्लक्षिलेल्या वनस्पतींवर, म्हणजे शेवाळांवर!

शाळामास्तरांचा मुलगा

स्प्रूसचा जन्म १० सप्टेंबर १८१७ रोजीं इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यांत गँथॉर्प नांवाच्या खेड्यांत झाला. वडील गांवच्या शाळेचे मास्तर. घरीं विद्या होती, पैसा नव्हता. ही स्थिति आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांना अपरिचित नसावी. मुलाला झाडापानांचा नाद लहानपणापासून. वयाच्या सोळाव्या वर्षीं त्यानें आपल्या गांवच्या शिवारांतील ४०३ वनस्पतींची स्वच्छ अक्षरांत यादी तयार केली होती. पुढें तो यॉर्क शहरांतील एका शाळेंत गणित शिकवूं लागला. पण त्याची प्रकृति मूळचीच नाजूक, चार भिंतींच्या आंत ती अधिकच खालावे. १८४४ सालीं ती शाळा बंद पडली आणि सत्ताविसाव्या वर्षीं स्प्रूसपुढें पोटाचा प्रश्न उभा राहिला.

यापूर्वींच शेवाळांचा अभ्यासक म्हणून त्याचें नांव जाणत्या लोकांत झालें होतें. येथें शेवाळ म्हणजे तळ्यांतील पाण्यावर तरंगणारा हिरवा तवंग नव्हे. श्रावणांत जुन्या भिंतींवर, दगडांवर, आंब्याफणसाच्या बुंध्यांवर जी हिरवी मखमल पसरते, ती घडविणाऱ्या इवल्याशा वनस्पति येथें अभिप्रेत आहेत. त्यांना फूल नाहीं, फळ नाहीं, सुगंध नाहीं. पण भिंगाखालीं धरल्या म्हणजे प्रत्येकीचीं पानें निराळीं, त्यांची मांडणी निराळी, सर्व नक्षीकाम एखाद्या कसबी सोनाराला लाजविणारें! स्प्रूसला या सृष्टीचें वेड लागलें होतें. १८४५ सालीं तो पिरिनीज पर्वतांत गेला, वर्षभर राहिला आणि तेथील शेवाळांच्या ज्ञात जातींची संख्या त्यानें दुपटीहून अधिक वाढविली. तेथून आणलेले वाळविलेले नमुने शौकिनांना विकून त्यानें प्रवासाचा खर्च भागविला. या अनुभवानें त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

वनस्पति गोळा करण्याचा धंदा

वनस्पति गोळा करणें हा त्या काळीं एक धंदाच होता. युरोपांतील विद्यापीठें, उद्यानें व हौशी सरदार यांना दूरदेशींच्या वनस्पतींचे नमुने हवे असत, आणि ते आधींपासून वर्गणी भरून आपला वांटा नोंदवीत. लंडनजवळील क्यू येथील राजोद्यानाचे मुख्य सर विल्यम हूकर यांनीं स्प्रूसला उत्तेजन दिलें. जॉर्ज बेंथॅम या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचे नमुने उतरवून घेणें, त्यांना नांवें देणें, वर्गणीदारांना वांटणें आणि पैसे गोळा करणें, ही सर्व यातायात आपल्या अंगावर घेतली. ७ जून १८४९ रोजीं लिव्हरपूल बंदरांतून स्प्रूस निघाला आणि जुलैमध्यें ॲमेझॉनच्या मुखाशीं पारा येथें उतरला. परत येण्यास आपणांस पंधरा वर्षें लागतील, हें त्याच्या स्वप्नींहि नव्हतें.

दुरून हा धंदा मौजेचा वाटतो. रानांत फिरावें, फुलें तोडावीं, वहींत दाबावीं, यांत कष्ट ते कसले? परंतु ॲमेझॉनच्या खोऱ्यांत बारा महिने हवा ओलीचिंब असते. फांदी फुलासकट, शक्य तर फळासकट तोडावयाची. कागदांच्या थरांत पसरून दाबावयाची. दुसऱ्या दिवशीं ओले झालेले कागद काढून कोरडे घालावयाचे. ओले पुन्हां उन्हांत किंवा शेकोटीवर वाळवावयाचे. आणि हा क्रम नमुना खडखडीत होईपर्यंत रोज चालवावयाचा. एक दिवस चुकला कीं बुरशी आली. दोन दिवस पेटी जमिनीवर राहिली कीं वाळवी लागली. शिवाय प्रत्येक नमुन्याबरोबर स्थळ, तारीख, झाडाची उंची, फुलाचा रंग यांचें टिपण हवें. कारण वाळल्यावर रंग उडतो आणि टिपणाविना नमुना म्हणजे निव्वळ गवत. तेथील झाडें शंभर-शंभर फूट उंच. फुलें सारीं शेंड्याला. चढणारा मिळेना तेव्हां एका फुलासाठीं अख्खा वृक्ष तोडावा लागे, आणि याचें आरंभीं स्प्रूसला फार वाईट वाटे.

अशा रीतीनें सांतारेम, मानाउस, रिओ नेग्रो, उआउपेस, कासिकिआरे, ओरिनोको असा नदीमागून नदी धुंडाळीत तो वर्षानुवर्षें हिंडला. सुमारें सात हजार जातींचे नमुने त्यानें या पंधरा वर्षांत पाठविले. एकवीस भाषांतील शब्दांच्या याद्या केल्या. ज्यांचे नकाशे कोणीं काढले नव्हते अशा नद्यांचे नकाशे काढले. कोठेंहि तो घाईनें पुढें धांवला नाहीं. एकेका ठिकाणीं महिनोन्‌महिने मुक्काम करून तेथील रान हंगामागून हंगाम पाहावयाचें, ही त्याची शिस्त.

त्याचा मित्र आल्फ्रेड रसेल वॉलेस, जो पुढें डार्विनबरोबर उत्क्रांतितत्त्वाचा जनक म्हणून प्रसिद्धीस आला, तो याच सुमारास याच रानांत होता. वॉलेस १८५२ सालीं मायदेशीं परतत असतां त्याचें जहाज भर समुद्रांत जळालें आणि बरोबरचा संग्रह गेला. रानांतून वांचलेलें धन घरीं पोंचेलच, याचीहि खात्री नसे.

जें पुढें पाठवावयाचें होतें, तेंच आधीं तारून गेलें

१८५४ सालीं ओरिनोकोच्या कांठीं मायपुरेस येथून परततांना स्प्रूसला हिंवतापानें गांठलें. सान फर्नांडो दे आताबापो या गांवीं तो अडतीस दिवस अंथरुणास खिळून होता. ताप रात्रीं भडके. तहान, ओकाऱ्या, आणि अंगांत त्राण नाहीं अशी अवस्था. शुश्रूषेसाठीं ठेविलेली बाई त्याच्या मरणाची वाट पाहत शेजाऱ्यांबरोबर बाहेर बसे आणि हा परका केव्हां मरतो म्हणून त्याला ऐकूं जाईल अशा बेतानें शिव्याशाप देई. अनोळखी मुलुखांत, ज्याची भाषा धड येत नाहीं अशा माणसांत, पडल्या पडल्या हें ऐकत राहणें म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. जवळच्या औषधांत कोयनेल होतें. तें त्यानें थोडें थोडें घेतलें आणि तो उठला. ज्या झाडाचें बीं पुढें त्याला आपल्या देशासाठीं गोळा करावयाचें होतें, त्याच झाडाच्या सालीनें आज त्याला जीवदान दिलें होतें.

यानंतर तो पेरूमधील तारापोतो येथें दोन वर्षें राहिला, आणि १८५७ सालीं पास्तासा व बोंबोनासा या नद्या चढून, मग पायीं, इक्वादोरच्या डोंगरांकडे निघाला. वाटेंत तोपो नांवाच्या नदीला पूर आला होता. उतार नाहीं, पाऊस थांबत नाहीं, शिधा संपत आला. अशा स्थितींत तो व त्याचे सोबती कांठावर अडकून पडले. अखेर खडकाखडकांवरून बांबू टाकून, सामान अलीकडेच ठेवून, जिवावर उदार होऊन ते पार झाले. परंतु या संकटांतहि स्प्रूसच्या मनाला विसांवा होता. त्या रानांत प्रत्येक फांदी, प्रत्येक वेल शेवाळांनीं मढलेली होती. नदीच्या तुषारांनीं भिजणाऱ्या झुडपांवर त्याला शेवाळांच्या भाऊबंदांपैकीं एक अगदीं नवी वनस्पति सांपडली. तिच्या शास्त्रीय नांवांतील 'इरोराता' या पदाचा अर्थच 'दंवानें भिजलेली' असा आहे. ही वनस्पति त्यानंतर कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. २००२ सालीं, म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षांनीं, शोधकांना ती त्याच तोपो नदीवर पुन्हां आढळली. उपाशीपोटीं केलेलें निरीक्षण इतकें अचूक होतें!

तांबड्या सालीच्या रानांत

इकडे हिंदुस्थानांत हिंवतापानें दरसाल असंख्य लोक दगावत होते आणि सरकारला सैन्यासाठींच पुष्कळ कोयनेल विकत घ्यावें लागत होतें. अँडीजमध्यें मात्र साल काढणारे लोक झाड तोडून साल सोलीत आणि पुढें जात. हें असेंच चाललें तर झाड नामशेष होईल, या भीतीनें क्लेमेंट्स मार्कहॅम यानें सिंकोनाचें बीं व रोपें हिंदुस्थानांत नेण्याची योजना सरकारपुढें मांडली. पेरूकडील काम त्यानें स्वतः पत्करलें. इक्वादोरमधील 'तांबडी साल' या गुणवान् जातीचें काम, त्या मुलुखांत आधींपासून असलेल्या स्प्रूसकडे १८५९ सालीं सोंपविण्यांत आलें.

स्प्रूसनें होकार दिला. पण एप्रिल १८६० मध्यें एके दिवशीं सकाळीं तो उठावयास गेला तों पाठ आणि पाय यांतील शक्ति गेलेली! या दुखण्यांतून तो जन्मभर पुरता बरा झाला नाहीं. बसवत नाहीं, चालवत नाहीं, अशा स्थितींत दुसरा कोणीहि ती कामगिरी परत करता आणि त्याला कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. स्प्रूस जूनमध्यें घोड्यावर बसून चिंबोरासो पर्वताच्या पश्चिम उतरणीवरील लिमोन या वस्तीकडे निघाला.

त्या वेळीं देशांत यादवी युद्ध पेटलेलें. सैन्याच्या तुकड्या वाटेंत भेटतील तीं घोडीं-खेंचरें ओढून नेत. रानाच्या मालकांना ४०० डॉलर देऊन त्यानें बीं व रोपें घेण्याची परवानगी मिळविली होती; सालीला मात्र हात लावावयाचा नाहीं, ही अट. मोठे वृक्ष बहुतेक आधींच पडलेले होते. राहिलेल्या खुंटांना नवे धुमारे फुटले होते. ही साल नेऊन परदेशांत तिचें काय करितात, याचें तेथील कित्येक साल काढणाऱ्यांना कोडेंच होतें. ती कापड रंगवावयास नेत असतील, अशी त्यांची समजूत!

जुलैच्या अखेरीस रॉबर्ट क्रॉस हा कसलेला माळी इंग्लंडहून येऊन मिळाला. त्यानें धुमाऱ्यांच्या शेंकडों फांद्या छाटून वाफ्यांत लाविल्या. ऊन लागलें कीं त्या कोमेजत; मग झऱ्याचें पाणी डोक्यावर वाहून आणावयाचें; अळ्या पडल्या कीं त्या एकेक वेंचून काढावयाच्या. बियांचें काम त्याहून नाजूक. सिंकोनाचें बीं अगदीं बारीक, भोंवतीं पातळ पंख असलेलें. बोंड पिकून उकललें कीं तें वाऱ्यावर उडून जाणार. कच्चें तोडलें तर रुजणार नाहीं. म्हणून रोज झाडावर नजर ठेवावयाची आणि नेमक्या दिवशीं गांवचे गडी वर चढवून, खालीं चादरी अंथरून, बोंडांचे घोंस अलगद उतरावयाचे. ज्याला सरळ उभेंहि राहवत नव्हतें, त्या माणसानें हें सर्व जातीनें पाहिलें. सुमारें एक लक्ष बिया वाळवून तयार झाल्या, आणि त्या रुजतात कीं नाहीं हें त्यानें कांहीं पेरून पाहिलें.

पुढें राहिली रोपांची रवानगी. यासाठीं वॉर्ड नांवाच्या डॉक्टरानें शोधून काढलेल्या पेट्या वापरीत. पेटींत ओली माती, वरून कांचेचें झांकण. पानांतून निघालेली वाफ कांचेवर जमून पुन्हां मातींत ठिबकते, त्यामुळें महिनोन्‌महिने पाणी न घालतां रोप जगतें. डिसेंबर १८६० मध्यें या पेट्या बाल्सा नांवाच्या हलक्या लाकडाच्या ओंडक्यांचा तराफा बांधून त्यावर चढविल्या. नदी पुरानें फुगलेली, वळणें जीवघेणीं. तराफा प्रवाहाच्या ओढीनें कांठच्या झाडांवर आदळे, आणि फांद्या पेट्यांवरून खरडत जात. तरीहि पेट्या ग्वायाकिल बंदरीं पोंचल्या. २ जानेवारी १८६१ रोजीं ६३७ रोपें आगबोटीवर चढलीं. क्रॉस त्यांच्याबरोबर गेला. स्प्रूस मागें राहिला.

नीलगिरीवर

सुएझचा कालवा तेव्हां झाला नव्हता. पनामाची चिंचोळी पट्टी जमिनीवरून ओलांडून इंग्लंड, तेथून मिसर, तांबडा समुद्र, आणि मग हिंदुस्थान, असा त्या रोपांचा प्रवास झाला. मार्कहॅमनें पेरूंतून आणलेलीं रोपें याच वाटेंत उष्म्यानें खंगलीं आणि पुढें वांचलीं नाहींत. क्रॉसच्या रोपांपैकीं साडेचारशेंच्या वर रोपें एप्रिल १८६१ मध्यें उटकमंडास जिवंत पोंचलीं. स्प्रूसनें पाठविलेल्या बियाहि उत्तम रुजल्या. तेथील सरकारी उद्यानाचा प्रमुख विल्यम मॅकआयव्हर हा मोठा कुशल माणूस; त्यानें कलमें करकरून थोड्याच वर्षांत डोंगराचे डोंगर तांबड्या सालीच्या झाडांनीं भरून काढले. पुढें दार्जिलिंगकडील मंगपू येथेंहि मोठी लागवड उभी राहिली.

आमच्या सह्याद्रींतहि हा प्रयोग झाला होता. महाबळेश्वरीं लिंगमळ्याचा धबधबा पाहावयास जाणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसेल कीं, त्याच परिसरांत १८६० नंतरच्या दशकांत सरकारनें सिंकोनाची बाग लाविली होती. तेथील हवापाणी झाडांस मानवलें नाहीं आणि कांहीं वर्षांनीं ती सोडून द्यावी लागली. झाड नेऊन लावणें आणि झाड रुजणें यांत किती अंतर आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

मॅकआयव्हरनें एक युक्ति काढली, ती येथें मुद्दाम सांगावीशी वाटते. साल मिळविण्यासाठीं झाड तोडण्याऐवजीं त्यानें बुंध्यावरून सालीच्या उभ्या पट्ट्या तेवढ्या काढल्या आणि उघड्या पडलेल्या जागेवर ओलें शेवाळ बांधलें. त्या गारव्याखालीं झाडाला पुन्हां साल येऊं लागली, आणि ती पहिलीपेक्षां अधिक गुणवान् निघाली! जें शेवाळ कोणाच्याच उपयोगाचें नाहीं असें जग म्हणे, तेंच सिंकोनाच्या जखमेवरची पट्टी झालें. स्प्रूसला हें वृत्त समजलें असेल तेव्हां तो मनांत हंसला असेल, असें आम्हांस वाटतें.

तांबड्या सालींत शुद्ध क्विनीन मध्यम प्रमाणांत, पण तिच्या जोडीचीं दुसरीं ज्वरनाशक द्रव्यें विपुल. त्या सर्वांचें मिश्रण करून स्वस्त औषध बनविण्यांत आलें. १८९२ पासून बंगाल प्रांतांत पोस्टाच्या कचेऱ्यांतून एका पैशाला एक याप्रमाणें कोयनेलच्या पुड्या विकूं लागल्या, आणि ही पद्धति पुढें इतर प्रांतांतहि गेली. ज्या गांवीं दवाखाना नव्हता, तेथें टपाल होतें. त्या वाटेनें औषध गेलें.

जमाखर्च

आतां स्प्रूसला काय मिळालें तें पाहूं. ऑक्टोबर १८६१ मध्यें ग्वायाकिल येथील ज्या पेढींत त्याची पुंजी होती ती बुडाली आणि सुमारें ७०० पौंड, म्हणजे बारा वर्षांची कमाई, एका दिवसांत गेली. १८६४ सालीं तो इंग्लंडास परतला तो रिकाम्या हातांनीं आणि मोडक्या देहानें. १८६५ सालीं ब्रिटिश सरकारनें त्याला सालीना ५० पौंडांचें निवृत्तिवेतन दिलें. हिंदुस्थान सरकारकडून आणखी ५० पौंड मिळावयास १८७७ साल उजाडलें, आणि तेंहि मार्कहॅमनें वर्षानुवर्षें पाठपुरावा केला म्हणून. लक्षावधि रुपयांच्या बागा ज्याच्या बियांतून उभ्या राहिल्या, त्याच्या वांट्यास एवढेंच आलें.

पण जमाखर्चाची दुसरीहि बाजू आहे आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ज्या देशांतून बीं आलें त्या देशाला काय मिळालें? इक्वादोरनें पुढें असें बीं व रोपें बाहेर नेण्यास बंदी केली. पण तोंवर तीं गेलींच होतीं. हिंदुस्थान, सिलोन व जावा येथील बागा भरास आल्यावर अँडीजमधील सालीचा व्यापार बसला. मानुएल इन्क्रा मामानी नांवाच्या बोलिव्हियांतील साल काढणाऱ्या माणसानें त्याहून सरस जातीचें बीं चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याला मिळवून दिलें. त्याबद्दल त्याला तुरुंगांत मारझोड झाली आणि तिनें त्याचा प्राण घेतला. तें बीं १८६५ सालीं डच लोकांनीं घेतलें आणि त्यावर जावा बेटांत जगाच्या कोयनेलची मक्तेदारी उभारली. १९४२ सालीं जपाननें जावा घेतलें तेव्हां दोस्त राष्ट्रांचा हा पुरवठा एकदम तुटला. आणि झाडावर चढून घोंस उतरणारे, पाणी वाहणारे, तराफा सांवरणारे लिमोनचे ते गडी? त्यांचीं नांवें कोणत्याहि बागेच्या पाटीवर नाहींत. आपल्या घरांतील मुलाचा ताप ज्यांच्यामुळें उतरला त्यांत एका स्प्रूसचेंच नव्हे, तर या सर्वांचें ऋण आहे.

आज हिंवतापावर दुसरीं औषधें निघालीं आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरोक्विन आलें; पुढें तू यूयू या चिनी विदुषींनीं एका चिनी वनस्पतींतून आर्टेमिसिनिन शोधून काढलें आणि त्यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कोयनेलची थोरवी ओसरली आहे. परंतु रानांतील पाला ओळखणारा, वाळविणारा, टिपणारा कोणी तरी आधीं असावा लागतो, ही गोष्ट मात्र बदललेली नाहीं.

स्प्रूस आपल्या उतारवयांत यॉर्कशायरमधील कोनिस्थॉर्प या खेड्यांत एका लहानशा बिऱ्हाडांत राहिला. पाठीच्या दुखण्यामुळें सूक्ष्मदर्शकापाशीं फार वेळ बसवत नसे. बरेंचसें काम पडल्या पडल्या, थोडें थोडें करून करावें लागे. पैसा गेला, प्रकृति गेली. पण ॲमेझॉन व अँडीज येथील शेवाळवर्गीय वनस्पतींच्या पुड्या त्याच्यापाशीं होत्या. त्या एकेक सोडून, भिंगाखालीं पाहून, त्यानें १८८४-८५ सालीं त्यांजवर पांचशेंहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या वनस्पति मनुष्याच्या कांहीं कामीं येत नाहींत, हें तो स्वतःच कबूल करी. त्या आहेत आणि सुंदर आहेत, एवढें त्याला पुरे होतें. २८ डिसेंबर १८९३ रोजीं तो वारला. त्याचीं टिपणें जुळवून वॉलेसनें १९०८ सालीं दोन खंडांत छापलीं, तेव्हां कोठें जगाला त्याच्या प्रवासाची हकीगत समजली.

घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अभ्यास सोडून पानाफुलांत, किड्यामुंग्यांत रमली म्हणजे "याचा उपयोग काय?" असा प्रश्न वडील माणसांच्या तोंडीं सहज येतो. प्रश्न चुकीचा नाहीं. पण त्याचें उत्तर त्याच दिवशीं मागूं नये. गँथॉर्पच्या मास्तरांच्या मुलाला सोळाव्या वर्षीं कोणीं तो विचारला असता, तर ४०३ नांवांच्या त्या यादीचा उपयोग त्याला तरी काय सांगतां आला असता? शेवाळ ओळखतांना त्याच्या नजरेला जी सवय लागली, हाताला जी चिकाटी आली, तीच पुढें लिमोनच्या रानांत बोंड उकलण्याचा नेमका दिवस ओळखण्याच्या कामीं आली.

येत्या श्रावणांत अंगणाच्या भिंतीवर हिरवी मखमल पसरेल. ती खरवडून काढण्यापूर्वीं मुलांच्या हातीं एक साधें भिंग द्यावें आणि त्यांना ती घटकाभर पाहूं द्यावी.